चर्चच्या मेमोरियल गार्डनमध्ये पप्पांची रक्षा ठेवायची आहे (इंग्लंड), कुणाला अनुभव आहे का?

नगरची_लेक

नमस्कार मंडळी, इथे यूकेवाले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय, त्यात कुणी ख्रिस्ती असेल तर फारच बरं. आम्ही मूळचे नगरचे (अहिल्यानगर झालं तरी घरात नगरच चालू आहे), सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतले, पप्पा नोकरीसाठी लेस्टरशायरला आले आणि इथलेच होऊन गेले. गावातल्या पॅरिश चर्चमध्ये दर रविवारी जायचे, शेवटची काही वर्षं तर दारात उभं राहून गाण्यांची पुस्तकं वाटायचं काम त्यांच्याचकडे होतं. हिवाळ्यात ते गेले. क्रिमेशन करा असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं, कबरीची देखभाल कोण करणार, तुम्ही पोरं कुठे असाल कुणास ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. त्याप्रमाणे केलं. आता क्रिमेटोरियमने दिलेला डबा हॉलमधल्या कपाटात आहे आणि मम्मी रोज त्याच्यासमोर प्रार्थना करते, पण तिलाच आता वाटतंय की हे असं घरात ठेवणं बरोबर नाही.

व्हिकरबाई, म्हणजे इथल्या चर्चच्या पाळक, म्हणाल्या की चर्चच्या मागे मेमोरियल गार्डन आहे, तिथे जागा मिळेल, पप्पा आमचेच होते. गार्डन बघून आलो, छान आहे, लॅव्हेंडर वगैरे, एक बाक आणि भिंतीवर छोट्या छोट्या पाट्या, पण कोण नेमकं कुठे आहे ते जमिनीवर काहीच कळत नाही. मम्मीला अर्धी रक्षा इथे आणि अर्धी नगरला आजोबांच्या कबरीत ठेवायची आहे. मोठे काका फोनवर चिडलेत, आपल्यात माती देतात, जाळायला कोणी सांगितलं, पाळकसाहेबांना काय तोंड दाखवू, असं सगळं. त्यात माझा भाऊ म्हणतो की आत्ता इथे ठेवू आणि मम्मी पुढेमागे भारतात परत गेली तर काढून घेऊन जाऊ. हे असं काढता येतं का? वाटून ठेवलेली चालते का? आणि पाटीवर नाव मराठीत चालेल का? व्हिकरबाईंना एकदम इतकं सगळं विचारायला संकोच वाटतो, दुःखात असलेली माणसं म्हणून त्या सगळ्यालाच हो हो म्हणतात.


यॉर्कशायर_वहिनी

ताई, पप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं.

मी हिंदू, नवरा इथला गोरा, सासऱ्यांची रक्षा अशाच बागेत आहे, म्हणून प्रत्यक्ष काय होतं तेवढं सांगते, नियमबियम दुसरे सांगतील. आम्ही गेलो तेव्हा हिरवळीचा एक चौकोन आधीच कापून बाजूला काढून ठेवलेला होता आणि खाली साधारण हात जाईल एवढा खड्डा. डबा पुरला नाही, रक्षा सरळ मातीत ओतली. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं त्यामुळे माझ्या नणंदेला धक्का बसला, तिला वाटलेलं छान लाकडी पेटी ठेवतील. काही चर्चमध्ये पेटी चालते पण लाकूड किंवा पुठ्ठा असं कुजणारंच काहीतरी पाहिजे, प्लास्टिक-धातू नाही, आणि काही ठिकाणी पेटी अजिबातच नको म्हणतात, तर हे आधी विचारून घ्या आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. व्हिकरनी थोडं वाचलं, मग सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, मीही टाकली, मग तो गवताचा चौकोन परत जागच्या जागी बसवला आणि पायाने हलकेच दाबला. फार वेळ लागत नाही. रक्षा ओतायचं काम तुम्हाला स्वतः करायचं असेल तर आधी सांगा, आमच्याकडे नवऱ्याने केलं. आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा हो, हे खरंच सांगतेय.

नंतरचा मनस्ताप वेगळाच असतो. फुलं फक्त सगळ्यांच्या मिळून एका फुलदाणीत, फोटो नाही, सोलरचे दिवे नाहीत, वाढदिवसाला फुगा बांधला तर दुसऱ्या दिवशी गायब. नणंद त्यावरून चर्चवर इतकी रागावली की वर्षभर पाऊल टाकलं नाही. मला विचाराल तर त्यांचंही बरोबर आहे, प्रत्येकाने आपापलं सजवलं तर दोन वर्षांत बागेची जत्रा होईल, पण हे सही करायच्या आधी माहीत असलेलं बरं.


पीसीसी_पाटील

मी सरेमध्ये आमच्या चर्चच्या पॅरोकियल कौन्सिलवर आहे आणि चर्चयार्डची कागदपत्रं माझ्याच गळ्यात आहेत त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

भावाचा प्रश्न आधी घेतो कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. आत्ता ठेवू मग काढू, हे डोक्यातून काढून टाका. चर्च ऑफ इंग्लंडचं चर्चयार्ड म्हणजे कॉन्सिक्रेट केलेली जमीन, बिशपने अर्पण केलेली, आणि तिथलं दफन कायमचं असंच धरतात, मग ते शव असो की रक्षा, दोन्हीला नियम एकच. बाहेर काढायचं तर डायोसीसच्या (बिशपच्या हद्दीच्या) कोर्टाकडून फॅकल्टी म्हणजे परवानगी लागते आणि ती सहजी देत नाहीत. २००२ साली ब्लॅगडनच्या प्रकरणात कोर्ट ऑफ आर्चेसने, म्हणजे चर्चच्या अपील कोर्टाने, हे नीट मांडून ठेवलंय, की अपवादात्मक कारण पाहिजे. आईवडील म्हातारे झाले, तब्येत साथ देत नाही, दुसऱ्या गावी राहायला गेलो, एवढ्यावर होत नाही. तुम्ही सांगताय ते कारण म्हणजे नेमकं हेच! चुकून भलत्याच जागी पुरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्या प्रकरणात आईवडिलांना परवानगी मिळाली खरी, पण अपघातात गेलेला तरुण मुलगा होता आणि त्यांनी दुसरीकडे तिघांची मिळून कौटुंबिक कबर घेऊन ठेवली होती, असं बरंच काही जुळून आलं होतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी वहिनींनी लिहिलंय तसं रक्षा सुटी मातीत ओतली असेल तर काढणार काय? पहिल्या दोन पावसात ती मातीत मिसळून जाते.

काउन्सिलच्या सिमेटरीतल्या कॉन्सिक्रेट न केलेल्या भागात ठेवली तर बाहेर काढायला सरकारच्या न्याय मंत्रालयाचं लायसन लागतं, ती वाट तुलनेने सोपी आहे. तेव्हा भावाला खरंच पर्याय उघडा ठेवायचा असेल तर तो विचार करा किंवा मम्मींचं काय ते ठरेपर्यंत थांबा. थांबायला काहीही हरकत नाही, घाई कसलीच नाही, आमच्याकडे एक आजोबा कित्येक वर्षं कपाटात होते आणि शेवटी आजींबरोबर एकाच दिवशी गेले.

वाटून ठेवण्याबद्दल. कायद्यात थेट मनाई नाही, पण बऱ्याच व्हिकरना ते आवडत नाही, माणूस एक तर त्याची जागा एक, असा त्यांचा विचार. विचारा, संकोच करू नका. तिथे पुरायच्या आधीच वेगळी काढून ठेवायला हवी हे तर उघडच आहे.

मम्मींना पुढे पप्पांशेजारी जागा मिळेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण विचारायला हवा. पॅरिशमध्ये राहणारा, पॅरिशमध्ये मृत्यू आलेला, किंवा चर्चच्या इलेक्टोरल रोलवर (मतदार सभासदांच्या यादीत) नाव असलेला, अशांना दफनाचा हक्क असतो, धर्म कोणताही असो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. म्हणजे मम्मी नगरला गेल्या आणि रोलवरून नाव गेलं तर हक्क गेला, मग व्हिकरच्या मर्जीवर. आणि अशा बागांमध्ये जागा बहुतेक ओळीने देत जातात, राखून ठेवायची तर तीही फॅकल्टी. काही ठिकाणी एकाच खड्ड्यात नंतर दुसऱ्याची ठेवू देतात, ते विचारा.

कागद म्हणाल तर क्रिमेटोरियमने डब्याबरोबर सर्टिफिकेट दिलं असेल ते लागेल, चर्चच्या रजिस्टरमध्ये नोंद होते. फीचा तक्ता दरवर्षी बदलतो, चर्चमध्ये लावलेला असतो. पाटीचे पैसे वेगळे.

अशी बाग होते कशी तेही सांगतो. जुनी चर्चयार्ड भरली, कित्येक तर एकोणिसाव्या शतकातच सरकारी हुकुमाने बंद झाली, तिथे शव पुरता येत नाही पण त्यातला एक तुकडा फॅकल्टी घेऊन रक्षेसाठी ठेवता येतो. दहा फूट जागेत पुष्कळ माणसं मावतात. पाट्या सरसकट भिंतीवर, जमिनीवर दगड नाही, हे गवत कापायला सोपं जावं म्हणूनही आहे, खोटं कशाला बोलू.


वसईकर_जॉन

लेक ताई, RIP न म्हणता सांगतो, देव त्यांना शांती देवो.

काकांना सांगा कॅथलिक चर्चसुद्धा आता जाळायला नाही म्हणत नाही. पूर्वी कडक बंदी होती, १८८६ पासून, मग १९६३ मध्ये उठली, पुनरुत्थान नाकारायचं म्हणून कोणी मुद्दाम जाळत नसेल तर चालेल असं म्हणाले. पण आमच्यात राखेचे नियम तुमच्यापेक्षा कडक आहेत. २०१६ ला रोमने स्पष्ट लिहून काढलं की राख घरात ठेवायची नाही, उधळायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, दागिन्यात घालायची नाही, सिमेटरीत नाहीतर चर्चच्या पवित्र जागेत ठेवायची. डिसेंबर २०२३ मध्ये थोडं सैल केलं, बिशपांनी विचारलेलं त्याचं उत्तर म्हणून, की सगळ्यांची राख एकत्र ठेवायची सामायिक जागा चालेल पण प्रत्येकाचं नाव तिथे पाहिजे, आणि थोडासा अंश त्या माणसाच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी ठेवू द्यायचा विचार चर्च करू शकतं. म्हणजे मम्मी म्हणतात ती गोष्ट अगदीच जगावेगळी नाही, रोमलाही कोणीतरी हेच विचारलं असणार. तुम्ही प्रोटेस्टंट, तुम्हाला हे लागू नाही, माहिती म्हणून सांगितलं.

बाकी माती दिली म्हणजे कायमची दिली असं तरी कुठे असतं? मुंबईत या, जागा नाही म्हणून कबर काही वर्षांनी उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कप्प्यात ठेवतात, कबर पुढच्या माणसाला. माझी आजी पण आता कप्प्यातच आहे. काकांना नगरात जागा आहे म्हणून ते बोलू शकतात.


गोदाकाठी

माझं मत विचारलं नाहीये तरी. लेस्टरजवळ बॅरो अपॉन सोअरला सोअर नदीत रक्षाविसर्जन करतात, बोटीची सोय आहे, आपले गुजराती, पंजाबी, मराठी सगळे तिथेच जातात. चर्चची एवढी कोर्टकचेरी, फॅकल्टी, रोल, कशाला? पाण्यात सोडलं की माणूस मोकळा आणि आपणही मोकळे. तुमचे पूर्वजही कधीतरी हेच करत असतील ना.


नगरची_लेक

@गोदाकाठी, सोअरचं माहीत आहे, आमच्या शेजारच्या काकूंच्या वेळी मी स्वतः गेले होते आणि तो विधी मला मनापासून आवडला होता. पण पप्पांना त्यांच्या चर्चजवळ राहायचं होतं आणि आम्हाला मोकळं व्हायचं नाहीये, जाऊन बसायला जागा हवी आहे. पूर्वजांचं म्हणाल तर अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ ला आलं आणि आमचं घराणं त्यानंतर फार उशिरा नाही, म्हणजे आमच्या कबरी बऱ्याच पिढ्यांच्या आहेत. राग नाही, सांगितलं फक्त.

@पीसीसी_पाटील, तुमची पोस्ट भावाला वाचून दाखवली. दोन मिनिटं गप्प होता मग म्हणाला बरं झालं विचारलंस. वाढदिवसाला फुगे वगैरे आम्ही बांधणार नाही 🙂 पण काकांचा प्रश्न अजून आहेच, आणि ते कोर्टाचे दाखले ऐकणारे नाहीत.


पीसीसी_पाटील

काकांसाठी दाखला हवा तर कोर्टाचा नको, आर्चबिशपचा द्या. विल्यम टेंपल, कॅन्टरबरीचे आर्चबिशप, १९४४ मध्ये वारले, त्यांचं दहन झालं, त्या पदावरच्या माणसाचं पहिलंच, आणि रक्षा कॅन्टरबरी कॅथीड्रलच्या आवारात त्यांच्या वडिलांच्या कबरीशेजारी पुरली. वडीलही आर्चबिशपच होते. म्हणजे बापाला माती आणि मुलाची राख, शेजारी शेजारी, तुमच्या मम्मींच्या मनात आहे जवळजवळ तेच. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्येही हल्ली पुरतात ती रक्षाच, स्टीफन हॉकिंगची २०१८ मध्ये न्यूटन आणि डार्विनच्या मध्ये ठेवली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या शवाला तर जाळलंही नाही, पाण्याच्या प्रक्रियेने विरघळवलं आणि उरलं ते केपटाऊनच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये.

आणि एक, सीएनआय १९७० ला झालं त्यात अँग्लिकन मंडळीही आल्या, म्हणजे सीएनआय आणि चर्च ऑफ इंग्लंड एकाच अँग्लिकन कम्युनियनमध्ये. पप्पा परक्या चर्चच्या मातीत चाललेत असं काकांना वाटत असेल तर ते तसं नाही, हे नगरच्या पाळकसाहेबांकडूनच त्यांना सांगवा. फोन तुम्ही करा, काकांच्या आधी.


रंकाळा_ते_लंडन

अवांतर आहे पण राहवत नाही. परदेशात गेलेल्या मराठी माणसाच्या रक्षेचा विषय निघाला आणि कोल्हापूर आलं नाही असं कसं होईल. आमचे राजाराम महाराज, वय अवघं वीस, विलायतेहून परत येताना १८७० च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्सला वारले. तिथे तेव्हा दहनाची पद्धत नाही, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर चिता रचली आणि गाव बघायला लोटलं. आता तिथे छत्री आहे, महाराजांचा अर्धपुतळा आहे, शेजारच्या पुलालाही इंडियन पूल म्हणतात. मी गेलो होतो, इटालियन पोरं छत्रीखाली बसून पिझ्झा खात होती, महाराज आपले बघतायत. इंग्लंडात तर तेव्हा दहन कायदेशीर की बेकायदा हेच ठरलं नव्हतं, ते १८८४ ला वेल्समधल्या डॉक्टर प्राइसच्या खटल्यात ठरलं, म्हाताऱ्याने आपल्या तान्ह्या मुलाचं शव डोंगरावर जाळायला घेतलं म्हणून धरला होता, जज म्हणाला कुणाला त्रास होत नसेल तर हा गुन्हा नाही. पुढच्या वर्षी वोकिंगला पहिलं क्रिमेटोरियमातलं दहन. म्हणजे तुमच्या व्हिकरबाईंच्या चर्चलाही ही पद्धत काही फार जुनी नाही.

मूळ विषयावर माझं शून्य ज्ञान, चालू द्या.


माळीबुवा

बागेतला माणूस म्हणून एक सांगतो, कारण लोक हमखास गुलाब लावायला जातात आणि रोप जळालं की मन खट्टू होतं. दहनानंतर जे देतात ते चुलीतल्या राखेसारखं नसतं, ती दळलेली हाडं, वजन साधारण दोन ते तीन किलो, मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेट, त्यात मीठ भरपूर आणि अल्कली इतकी कडक की नाजूक मुळं तिथेच बसतात. खत म्हणून उपयोग जवळपास नाही. चर्चवाले गवताखाली ठेवतात आणि लॅव्हेंडर वगैरे कडेला लावतात ते बरोबरच करतात, जागा सतत बदलत जातात म्हणून गवत टिकतं. पप्पांच्या नावाने झाड हवंच असेल तर रक्षेवर नको, थोडं लांब, आणि चर्चला विचारून, कारण झाड लावायलाही त्यांच्यात परवानगी लागते असं ऐकून आहे.

खड्ड्यात ओततानाच थोडी माती मिसळत मिसळत ओतली तर पाऊस पडल्यावर वर पांढरा थर येत नाही.


जर्सी_आत्या

अमेरिकेतलं सांगते, तुलना म्हणून. इथे एपिस्कोपल चर्चमध्ये मेमोरियल गार्डन सर्रास असतात, आमच्या चर्चमध्येही आहे, माझ्या मिस्टरांची तिथेच आहे, पितळी पाटीवर सगळ्यांची नावं ओळीने. इथे बिशपच्या कोर्टाची भानगड नाही, चर्चची व्हेस्ट्री म्हणजे कारभारी समिती नियम करते आणि तुमच्याकडून करारावर सही घेते, आमच्या करारात स्पष्ट होतं की एकदा मातीत मिसळली की परत मिळणार नाही. मी मात्र सही करायच्या आधी एक विचारलं, उद्या चर्च बंद पडलं आणि जागा विकली तर? कारण इकडे चर्च बंद पडून इमारती विकल्या जातायत, कुठे अपार्टमेंट, कुठे रेस्टॉरंट. तोवर हसत खेळत बोलणाऱ्या बाई एकदम गंभीर झाल्या आणि मग करारात ती ओळ घातली, काय करायचं त्याची. तुमच्या व्हिकरनाही विचारून बघ गं, इंग्लंडात काय करतात ते पाटील सांगतीलच.

आणि अर्धी नगरला न्यायची ठरली तर विमानात हातातल्या बॅगेत ने, चेक-इनमध्ये टाकू नकोस. डबा धातूचा नको, एक्स-रेमध्ये आतलं दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर ते उघडत नाहीत आणि सोडतही नाहीत. डेथ सर्टिफिकेट, क्रिमेशन सर्टिफिकेट आणि आपल्या वकिलातीचा कागद, तिन्हीच्या दोन दोन प्रती.


पीसीसी_पाटील

@जर्सी_आत्या, चांगला प्रश्न. इथे चर्चची इमारत बंद झाली तरी चर्चयार्डातल्या दफनांना कायद्याचं संरक्षण असतं, जमीन आपोआप मोकळी होत नाही, आणि हलवायची वेळ आलीच तर नातेवाइकांना कळवून सगळी रीतसर प्रक्रिया करावी लागते. इथे त्या कॉन्सिक्रेशनचा जाच होतो तसा हा फायदा पण आहे.


नगरची_लेक

सगळ्यांचे आभार, तुम्हाला कल्पना नाही किती उपयोग झाला. अपडेट देते.

व्हिकरबाईंशी मम्मी आणि मी दोघी बोललो, सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले होते (पाटीलसाहेब, तुमचेच). वाटण्याबद्दल त्या म्हणाल्या की माझी मनाई नाही पण मम्मी तुम्ही एकदा परत विचार करा, आणि का ते सांगितलं नाही, फक्त चहा ओतला. मम्मी घरी आल्यावर दोन दिवस काही बोलली नाही आणि मग म्हणाली सगळे इथेच राहू देत, मीही इथेच येणार, रोलवर माझं नाव आहे ना ते बघून ये. बघितलं, आहे. नगरला आजोबांच्या दगडावर पप्पांचं नाव कोरून घ्यायचं आणि तिथे स्मरणार्थ भक्ती ठेवायची असं ठरलंय, कबरस्तानच्या कमिटीशी चुलतभाऊ बोलतोय. एकाच खड्ड्यात दोघांना चालेल असं बाईंनी लिहून दिलंय. आत्या, विकण्याचा प्रश्नही विचारला, त्या हसल्या, म्हणाल्या हे चर्च नॉर्मन लोकांनी बांधलंय, माझ्या पेन्शनपर्यंत तरी टिकेल.

काका. पाळकसाहेबांना मी आधीच फोन केला, त्यांनी पाच मिनिटांत विषय संपवला, म्हणाले धुळीतून उठवणाऱ्याला राखेतून उठवायला काय अवघड आहे. काकांना ते पटलंय असं नाही पण व्हिडिओ कॉलवर येणार आहेत आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन कुठलं म्हणायचं ते त्यांनीच ठरवलंय, तीन कडवी, गाळायची नाहीत अशी ताकीद. गोऱ्या मंडळींना पेटी (हार्मोनियम) मिळेल का विचारलं तर कुणाच्या तरी माळ्यावर निघाली म्हणे, सूर बघावे लागतील.

आता राहिली पाटी. मम्मीला नाव देवनागरीत पाहिजे आणि खाली एक ओळ मराठीत. बाई म्हणाल्या नावाला हरकत नसावी पण मराठी ओळ असेल तर डायोसीसच्या चान्सेलरला, म्हणजे त्या कोर्टाच्या न्यायाधीशाला, विचारावं लागेल, खाली इंग्रजी अर्थ देता का? मम्मी म्हणते का द्यायचा, वाचणार आम्ही.


पीसीसी_पाटील

मम्मींना माझा नमस्कार सांगा! यावर एक निकाल आहे. कॉव्हेंट्री डायोसीसमध्ये एक्सहॉल गावच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये एका आयरिश आईच्या कबरीवर मुलांना आयरिश भाषेत एक ओळ कोरायची होती, आमच्या हृदयात कायम अशा अर्थाची. २०२० मध्ये चान्सेलर म्हणाला इंग्रजी अर्थ खाली लिहा, नाहीतर लोकांना राजकीय घोषणा वाटेल. केवढा गदारोळ झाला त्यावर. घरचे अपिलात गेले आणि २०२१ च्या फेब्रुवारीत कोर्ट ऑफ आर्चेसने भाषांतराशिवाय परवानगी दिली. याचा अर्थ कुठलीही ओळ कुठेही चालेल असं नाही, प्रत्येक डायोसीसची नियमावली आहे आणि नियमावलीच्या बाहेरचं काही असेल तर फॅकल्टी लागतेच, पण समजत नाही म्हणून नको असं आता कुणी सहज म्हणू शकणार नाही. अर्जाबरोबर अर्थ वेगळ्या कागदावर द्या, चान्सेलरला कळू दे काय लिहिलंय, पाटीवर नाही. या निकालाचं नाव बाईंना सांगा, त्यांनाही सोपं जाईल.

आणि जागा बघा, बागेतल्या पाट्या लहान असतात. नाव, दोन सालं आणि एक छोटी ओळ, बस.


अक्षरजुळणी

पाटीचं वाचून आलो, माझं कामच हे आहे. परवानगी मिळाली तरी खरी गंमत पुढे आहे. इथल्या दगडकामवाल्याला देवनागरी वाचता येत नाही, तुम्ही वर्डची फाइल पाठवली तर त्याच्याकडे फाँट नसतो, मग वेलांटी अक्षराच्या पुढे जाते, जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो, रफार भलत्याच अक्षरावर. एका ठिकाणी श्री चा शच्या खाली हलन्त आणि बाजूला री असं कोरलेलं मी स्वतः पाहिलंय, ग्रॅनाइटवर, आता काय करणार. तेव्हा मजकूर आउटलाइन करून म्हणजे अक्षरांचं चित्र करून पीडीएफ पाठवा, फाँटवर अवलंबून ठेवूच नका. बारीक रेषांचा फाँट नको, कोरताना अनुस्वार आणि मात्रा बुजतात, जरा जाड, मोकळा घ्या. शिरोरेघ सलग आहे ना ते प्रूफवर बघा, काही मशीन प्रत्येक अक्षर सुटं धरतं आणि मध्ये फटी राहतात. आणि प्रूफ मम्मींना दाखवा, तुम्हाला नाही, तुम्ही पोरं इंग्रजीत शिकलात.

मजकूर व्यनि करा, मी फाइल करून देतो, पैसे नकोत.


नगरची_लेक

@अक्षरजुळणी, व्यनि केलाय. पप्पांच्या आडनावात रफार आहे आणि मम्मीने निवडलेल्या ओळीत ज्ञ आहे, म्हणजे तुमची सगळी यादी एकाच पाटीवर. पाटीची मापं बाईंकडून उद्या मिळतील ती पाठवते.